ऑक्सफर्डचा वीसखंडी कोश 'सेट'च्या कसोटीवर

1989 च्या दुसऱ्या आवृत्तीची खरी परीक्षा 'सेट' या चिमुकल्या शब्दावर होते: सुमारे 430 अर्थछटा, 60,000 शब्दांची नोंद. सलग वाचायला गेलं तर हमखास हरवायला होतं, म्हणून आधी नाम की क्रियापद ते ठरवून घ्या. क्रियापद जुन्या इंग्रजी 'सेट्टान'चं, म्हणजे 'बसणे'चं प्रयोजक 'बसवणे'. आपण खडा कोंदणात बसवतो, घड्याळ लावतो, सूर्य मावळतो. इंग्रजीला एकच शब्द पुरतो! कपबशांचा सेट मात्र जुन्या फ्रेंचमधून, लॅटिन 'सेक्टा'कडून आलेला. क्रियापदाचा रंग त्याच्यावर नंतर चढला. अर्थांच्या संख्येत 'सेट'लाही मागे टाकणारा 'रन' (धावणे) पाहायचा असेल तर छापील खंड सोडा. क्रियापदाचे 645 अर्थ ऑनलाइन आवृत्तीतच सापडतात.