पाच-इन-वन रिफ्लेक्टर (११० सेंमी): आठ महिने वापरल्यावर

हा रिफ्लेक्टर, म्हणजे चेहऱ्यावर उजेड परतवायचा घडीचा कापडी पडदा, नोव्हेंबरमध्ये घेतला, आता जुलै चालू आहे, आणि जवळजवळ प्रत्येक रविवारी तो माझ्याबरोबर बाहेर पडलाय, म्हणून आता सविस्तर लिहिते. घेतला का ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी हौसेने फोटो काढते. एंट्री लेव्हलचा क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं, उजेड जास्त आणि शार्प भाग कमी), बस. कोल्हापुरात रंकाळा तलावावर, टाउन हॉलच्या बागेत घरच्यांचे, मैत्रिणींचे पोर्ट्रेट. दाखवले की सगळे म्हणणार भारी, मस्त, डीपीला लावते, आणि पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते त्यातनं काहीच हाताला लागायचं नाही. आमच्या पेठेत एक काका राहतात, त्यांनी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला. त्यांच्याकडे मोबाइल घेऊन गेले तर म्हणाले, "असं नको बाळ, फोर बाय सिक्सचे वीस प्रिंट घेऊन ये." नेले. त्यांनी एकेका प्रिंटवर अंगठा ठेवून फोटोतले डोळे झाकले आणि विचारलं, "आता काय फरक पडला सांग बघू?" वीसातल्या चौदा फोटोंत काहीच फरक पडला नव्हता. साडेअकराचं ऊन, भुवयांची सावली डोळ्यात, नाकाची ओठावर, डोळ्यांच्या जागी नुसता काळोख. मी तेव्हा महागडी लेन्स घ्यायला पैसे साठवत होते. काका म्हणाले, "लेन्सला काय धाड भरलीय? उजेड कुठनं येतोय ते बघितलंस का?"

त्या एका प्रश्नावर हा रिफ्लेक्टर घेतला. गोल, घडी केला की साधारण ताटाएवढा होतो, चंदेरी, सोनेरी, पांढरी, काळी अशी चार बाजूंची खोळ आणि आत अर्धपारदर्शक कापड.

सगळ्यात आधी चंदेरी बाजू वापरली, बहुतेक सगळे तेच करत असतील. आजीला रंकाळ्यावर उन्हाकडे पाठ करून बसवलं आणि समोरून उजेड मारला, तर आजीने डोळेच मिटून घेतले, चष्म्यात गोल चकाकी आली ती वेगळीच. काकांनी प्रिंट बघून एवढंच विचारलं की हा जमिनीवर ठेवला होतास का. होता. खालून उजेड आला की नाकपुड्या आणि हनुवटीखालचा भाग उजळतो आणि माणूस भलताच दिसतो, कारण आपल्याला उजेड वरून येताना बघायची सवय असते. पुढच्या वेळी पांढरी बाजू, भावाच्या हातात, आजीच्या खांद्याच्या थोडं वर तिरकी धरली आणि आजीला मान जराशी खाली घ्यायला सांगितली. चष्म्यातली चकाकी गेली, डोळ्यात वरच्या बाजूला छोटा पांढरा ठिपका आला. तो ठिपका आला की माणूस आपल्याकडे बघतोय असं वाटतं, हे पहिल्यांदा स्वतःच्या फोटोत दिसलं.

सोनेरी बाजू आठ महिन्यांत तीनदा वापरली असेल. संध्याकाळी, शालिनी पॅलेसकडे ऊन उतरल्यावर ठीक, कारण ऊनच पिवळं असतं. दुपारी सावळ्या चेहऱ्यावर ती हळद फासल्यासारखी दिसते.

खरे पैसे वसूल झाले ते आतल्या अर्धपारदर्शक कापडावर. खोळ काढायची आणि ते कापड ऊन आणि चेहऱ्याच्या मधे धरायचं, एवढंच. जुना हिशोब असा की भर उन्हात आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती दाद देतो तो आकडा) १०० ला एफ १६ ठेवलं तर शटर साधारण १/१०० सेकंद लागतं, काकांनी हे पाठच करून घेतलं. त्या हिशोबाने एफ १.८ ला जवळजवळ १/८००० लागतं आणि माझा कॅमेरा १/४००० वर थांबतो, म्हणजे चेहरा पांढरा पडणारच. हे कापड साधारण एखादा स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड खातं, त्यामुळे एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) बसतं आणि सावल्यांच्या कडाही मऊ होतात. पण ते जवळ हवं, डोक्यापासून दीड-दोन फुटांवर. भाऊ कंटाळून मागे सरकला की चेहऱ्याच्या मानाने कापड लहान होतं आणि सावल्या परत टोकदार होतात. दुसरी गोष्ट मला दोन महिने लक्षातच आली नव्हती, काकांनीच दाखवली. चेहरा सावलीत गेला म्हणून एक्स्पोजर वाढवलं की मागचं ऊन पांढरंफटक पडतं. तेव्हापासून मागे झाड, काळी भिंत असलं काहीतरी असल्याशिवाय कापड उघडतच नाही.

फेब्रुवारीत एका तालमीतल्या पैलवानाचे फोटो काढले. अंगाला तेल, त्यात चंदेरी बाजू मारली की खांद्यावर नुसते पांढरे डाग, पांढरीने काम झालं. त्यातले चांगले फोटो मात्र एफ ४ चे. एक मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर भाग शार्प येतो, चेहरा जरा वळलेला असला की एक डोळा शार्प आणि दुसरा गेला. हीसुद्धा काकांचीच सूचना.

आता तक्रारी. चौथ्या महिन्यात खोळीची चेन उसवली, शिंप्याकडून पन्नास रुपयांत बसवून घेतली. चंदेरी थर घडीच्या रेषेवर निघायला लागलाय. एकट्याने वापरता येत नाही, कुणीतरी धरायला लागतंच. आणि वाऱ्यात तर हा पतंगच होतो. पन्हाळ्यावर एकदा भावाच्या हातातून सुटला, नशीब तटबंदीला अडकला. त्या दिवशी मग तीन दरवाजात गेलो, कमानीच्या आत दोन पावलांवर मैत्रिणीला बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून उभं केलं, डोक्यावर ऊन नाही, समोरून अख्ख्या आभाळाचा उजेड, मागे काळा दगड. रिफ्लेक्टर पिशवीत, आणि वर्षातला माझा सगळ्यात चांगला फोटो तोच. म्हणून घेण्याआधी आठवडाभर असल्या सावल्या शोधून बघा, कदाचित गरजच लागणार नाही.

पावसाळ्यात हा घरी पडून राहील असं वाटलं होतं, पण ढगाळ उजेडात चेहरा सपाट दिसतो तेव्हा काळी बाजू गालाजवळ धरली की त्या बाजूचा उजेड कमी होतो आणि गालाची, जबड्याची रेघ परत दिसते. काळ्या बाजूबद्दल कुणी फारसं बोलत नाही, वापरून बघा.

साइज ११० च घ्या, ८० चं कापड जरा अंतरावरून कमरेपर्यंतच्या फोटोला पुरत नाही.

गेल्या रविवारचे वीस प्रिंट काल दाखवले. अंगठा ठेवला, वीसच्या वीस फोटोंत फरक पडला. मग काकांनी अंगठा खाली सरकवला आणि म्हणाले, "आता हे हात बघ, सात फोटोंत मनगटावरच कापलेस." येत्या रविवारी पाऊस थांबला तर परत रंकाळ्यावर.