घरी येऊन सॅम्पल नेणारी लॅब, इंदूर: सुईला पाच स्टार, रिपोर्टला दोन

लॅबचं नाव लिहीत नाहीये, कारण आता बहुतेक लॅबची फुल बॉडी पॅकेजेस सारखीच असतात. चौघांचं एकत्र बुकिंग केलं तर डिस्काउंट होता, म्हणून सासूबाई, मिस्टर, मी आणि जाऊबाईंची मुलगी, सगळ्यांचं एकदमच उरकलं.

आधी चांगलं सांगते. सॅम्पल घेणारा मुलगा सकाळी सातच्या आत दारात. सासूबाईंची नस कधीच सापडत नाही, दोन्ही हात काळेनिळे करून ठेवतात, पण याने आधी हातावर गरम पाण्याची पिशवी ठेवायला लावली, लहान मुलांना लावतात ती बारीक सुई काढली आणि पहिल्याच झटक्यात रक्त. ट्यूबवरचे स्टिकर आमच्यासमोर लावले, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. पैसे वसूल.

आता तो रिपोर्ट. प्रत्येक आकड्यापुढे हिरवा-पिवळा-लाल पट्टा. सासूबाईंची फास्टिंग शुगर 106, म्हणून पिवळा आणि खाली ठळक अक्षरात 'प्री-डायबेटिक'. मी जरा वाचलं तर कळलं की अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची ही रेघ आधी 110 वर होती, 2003 मध्ये त्यांनी ती 100 वर आणली, आणि डब्ल्यूएचओ अजूनही 110 च धरतं, म्हणजे एकाच्या हिशोबाने बाई काठावर आणि दुसऱ्याच्या हिशोबाने नॉर्मल. माणसाने लवकर सावध व्हावं म्हणून रेघ खाली आणली, ठीक आहे, पण हे रिपोर्टवर एका ओळीत लिहायला काय जात होतं? आमच्याकडे आता रविवारी पोहे-जिलबी आली की जिलबीची प्लेट त्यांच्या समोरून तशीच पुढे सरकते, वर पाहुण्यांसमोर "आईंना नको हं, शुगर आहे त्यांना". भिशीतही तेच. मिस्टरांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 24, त्यांच्यापुढेही पिवळा पट्टा, कारण आपल्याकडे 23 पासूनच ओव्हरवेट धरतात, बाहेर 25 पासून. त्यांना कोणी एक शब्द बोललं नाही, दोन जिलब्या आरामात खाल्ल्या.

लॅबवाल्यांचा फोन मात्र लगेच, "मॅम, आपकी मदर इन लॉ बॉर्डरलाइन हैं, डायटीशियन का पैकेज ऐड कर दूं?" विम्याचा एजंटही म्हणतो की नवीन पॉलिसी घ्याल तर फॉर्ममध्ये हे दाखवावं लागेल. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पीरियड जास्तीत जास्त 48 महिने असायचा, 2024 पासून 36 झाला, पण तो आता 106 च्या एका आकड्यावर लागतो का नाही यावर त्याचं आणि मिस्टरांचं अजून चालूच आहे.

खरा राग पुढचा. चौघांचे रिपोर्ट एकाच पीडीएफमध्ये, एकाच नंबरवर! मिस्टरांनी न बघता ती फाइल घरच्या ग्रुपवर टाकली. पुतणीचं हिमोग्लोबिन कॉलेजपासून कमी, सगळे लोहाच्या गोळ्या देत राहिले, म्हणून यावेळी तिच्या पॅकेजला एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी टेस्ट, जोडली होती. त्यात निघालं बीटा थॅलेसेमिया ट्रेट, म्हणजे मायनर, या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची ती नुसती वाहक. लाल पट्टा, आणि काका-मामा-आत्या सगळ्यांनी बघितला. मायनर म्हणजे पोरगी आजारी नाही, नोकरी करते, जिने चढते, सगळं करते. नवराही मायनर निघाला तर प्रश्न, तेव्हा प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे गंभीर आजार असलेलं, असण्याची शक्यता चारात एक. तो नसेल तर मेजर मूल होत नाही. म्हणजे विचारायचं ते दोघांच्या रक्ताचं, पण ग्रुपवर चर्चा काय, तर "मुलीतला दोष स्थळाला सांगायचा का". नाडी जुळते का ते आधीच दोनदा बघून झालंय, मुलाची एचपीएलसी कोणाला सुचलीसुद्धा नाही. आमच्या शेजारच्या सिंधी काकूंना यात काही विशेषच वाटलं नाही, त्यांच्यात हे जास्त आढळतं, लग्नाआधी विचारतातच म्हणाल्या. आपले लोक मात्र "हे आपल्यात नसतं". आपल्याच एमपीत शहडोलला 1 जुलै 2023 ला सिकल सेल (असाच आणखी एक आनुवंशिक रक्ताचा आजार) मिशन सुरू झालं, आदिवासी भागात तपासणी करून कार्ड देतात, लग्नाआधी दोघांनी आपापली कार्डं बघावी म्हणून. त्यांच्या रक्ताचं सरकारी कार्ड निघतं आणि आपल्या घरातला रिपोर्ट जाऊबाईंनी साड्यांच्या खाली ठेवलाय.

लॅबला तक्रार केली, एकत्र पीडीएफ का पाठवली म्हणून. उत्तरात पुढच्या चेकअपवर सूट असलेलं कूपन आलं. हेच पॅकेज घेणार असाल तर प्रत्येकाचा वेगळा नंबर द्या, चौघांचा डिस्काउंट गेला तरी चालेल, आणि एचपीएलसी असेल तर रिपोर्ट आधी डॉक्टरला दाखवा, मग घरात.

स्थळाचं म्हणाल तर पुतणीने स्वतःच मुलाला फोन करून सगळं सांगितलं आणि तुझीही टेस्ट करून घे म्हणाली. "आईला विचारून सांगतो" म्हणालाय.