सरकारी ऑफिसच्या रेट कॉन्ट्रॅक्टवर एक वर्ष काढलं, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ३ स्टार)

नागपूरला सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत आपलं स्टेशनरी आणि प्रिंटर-टोनरचं दुकान आहे आणि मागचं पूर्ण वर्ष एका सरकारी ऑफिसला दर करारावर माल दिला. ऑफिसचं नाव नाही घेत, याच शहरात धंदा करायचा आहे. ओळखीतले दुकानदार विचारून राहिले की भाऊ, घ्यावं का नाही घ्यावं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एरवी माल लागला की ऑफिस दर वेळी तीन कोटेशन मागवते. दर करारात टेंडर एकदाच होते, वर्षभराचे रेट फिक्स, मग लागेल तसा पुरवठा आदेश निघत राहतो, आज दहा रिम कागद, पुढच्या महिन्यात चार टोनर. केंद्रात हे काम आधी डीजीएसअँडडी हे सरकारी खरेदीचं खातं करायचं, २०१६ ला जेम हे ऑनलाइन सरकारी खरेदीचं पोर्टल आलं आणि २०१७ ला ते खातंच बंद झालं. आपल्या राज्यात १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची खरेदी नियमपुस्तिका आहे, आमच्या टेंडरात पानोपानी तिचाच हवाला होता.

आता टेंडरात मोठ्या अक्षरात होतं, अंदाजित वार्षिक खरेदी १२ लाख. मी १२ लाख वाचलं, अंदाजित वाचलंच नाही. त्या आकड्यावर हिशोब मांडला, रिममागं मार्जिन १४ रुपये ठेवलं आणि एल वन, म्हणजे सगळ्यात कमी भाववाला, आलो म्हणून घरी संत्रा बर्फी नेली. वर्षाअखेरीस टोटल मारली तर ऑर्डर निघाल्या ४ लाख १० हजारांच्या. आणि सुरक्षा ठेव मात्र १२ लाखांवर ३ टक्के, म्हणजे ३६ हजार आधीच अडकलेले! स्टोअरच्या बाबूंना विचारलं तर त्यांनी शांतपणे अटींचं पान काढून दाखवलं, दर करार म्हणजे स्टँडिंग ऑफर, खरेदीची कोणतीही हमी नाही. म्हणजे मी वर्षभर या भावात द्यायला बांधलेला, त्यांनी घेतलं तर घेतलं. चूक माझीच, सही करताना पान माझ्यासमोरच होतं.

माझा भाचा विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात एका अमेरिकन क्लायंटचं काम करतो, त्याला हे सांगितलं तर तो म्हणे, मामा, तिकडं अशा, कधी आणि किती घेणार ते नक्की नसलेल्या, कराराला आयडीआयक्यू म्हणतात, मालाची मागणी निघाली तर डिलिव्हरी ऑर्डर, सेवेची निघाली तर टास्क ऑर्डर, आणि सरकार कमीत कमी किती घेणार हे करारात लिहावंच लागतं, नावापुरतं एक-दोन नग लिहून चालत नाही. एकाच करारावर तीन-चार पुरवठादार असले तर अगदी बारीक ऑर्डर सोडून बाकी प्रत्येक ऑर्डरला सगळ्यांना संधी द्यावी लागते म्हणे. तिकडं दुसरी भानगड असेलच, पण ती किमान हमीची ओळ आपल्याकडं असती तर मी आज पाच स्टार दिले असते.

खरा मार बसला तो डिलिव्हरीत. रेट भरताना "जिल्ह्यातील सर्व कार्यालये, पोच" असं लिहिलेलं, मला वाटलं जास्तीत जास्त सिव्हिल लाईन्स, फार तर कामठी आणि हिंगणा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऑर्डर आली, नरखेडच्या ऑफिसला दोन रिम ए-फोर. २२८ रुपयांनी दोन रिम, म्हणजे ४५६ रुपयांचा पुरवठा आदेश, त्याच्यावर जावक क्रमांक, तीन सह्या, गोल शिक्का, सगळा थाट. पोट्ट्याला एसटीनं पाठवलं, जायचं-यायचं तिकीट आणि जेवण धरून साडेतीनशेच्या वर गेले, मार्जिन २८ रुपये. तिथं गेला तर साहेब मीटिंगला, चलनावर पोच द्यायला कोणी तयार नाही, चार वाजेपर्यंत बाकावर बसून राहिला. तो यायच्या आत भिवापूरची ऑर्डर येऊन पडली, म्हणजे बरोब्बर जिल्ह्याचं दुसरं टोक. उशीर केला तर आठवड्याला अर्धा टक्का दंड आहेच. वर्षभरात ६१ ऑर्डर निघाल्या, त्यातल्या ३८ दोन हजारांच्या आतल्या, आणि १ लाख ९० हजारांचा माल एकट्या मार्चमध्ये १० तारखेनंतर, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती आणि होलसेलवाला कॅश मागून राहिला होता.

फॉल क्लॉज पण नीट समजून घ्या. करार चालू असताना तुम्ही तोच माल दुसऱ्या कोणाला कमी भावात विकला तर यांचाही भाव तेवढाच खाली येतो. एक कोचिंग क्लासवाला पाचशे रिम घेत होता २२० नं, नाही देता आला. आणि ऑगस्टमध्ये कागद महागला तेव्हा? तेव्हा भाव वर जायचा क्लॉज आमच्या करारात नव्हताच.

अजून एक, फोनवर माल देऊ नका. "भाऊ, एक टोनर पाठवा, साहेबांचं प्रिंट अडकलंय, ऑर्डर मागाहून काढतो" असा फोन आला, माणूस चांगला, रोजच्या चहातला, दिला. त्यांची बदली झाली, नवीन बाबू म्हणे आदेश क्रमांक सांगा. क्रमांक कुठला सांगू? आदेश निघाला की मगच तेवढ्या मालाचा करार होतो, त्याच्या आधी दिलेलं म्हणजे भेट समजा.

पेमेंटचं म्हणाल तर निधी असला की महिन्याभरात, नसला की "ग्रँट यायची आहे". मी उद्यमच्या, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या, भरवशावर होतो, ४५ दिवसांत पैसे नाही आले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज वगैरे, पण सीएनं हवाच काढली. २ जुलै २०२१ च्या आदेशानं आपल्यासारख्या ट्रेडर्सना उद्यम नोंदणी परत मिळाली ती फक्त प्रायॉरिटी सेक्टर लोनपुरती, म्हणजे बँकेच्या प्राधान्याच्या कर्जापुरती, ४५ दिवसांचं संरक्षण माल बनवणारे आणि सेवा देणारे यांना. ईएमडीची, म्हणजे टेंडर भरताना ठेवायच्या अनामत रकमेची, सूटही त्यांनाच. काउंटरवर बसणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नाही.

मग तीन स्टार काहून दिले? कारण याच टेंडरात प्रिंटर दुरुस्तीचा वेगळा भाग होता आणि तो एकदम मस्त चालला. तिथं रेट कॉलप्रमाणं आणि शहराबाहेर गेलं तर प्रवास खर्च वेगळा लिहिलेला. मेल आला की जायचं, ड्रम बदलायचा, जॉब शीटवर सही घ्यायची, महिन्याचं एक बिल. पैसा थोडा पण एका रुपयाचा वाद नाही झाला. दर वेळी कोटेशनसाठी चकरा मारायच्या वाचल्या, हेही खरं.

यंदाचं टेंडर निघालंय. टेंडर भरायच्या आधी होते त्या प्री-बिड मीटिंगला जाऊन दोनच गोष्टी लेखी मागणार आहे, एका आदेशाची किमान रक्कम ५ हजार ठेवा आणि तालुक्याच्या ठिकाणचे रेट वेगळे भरू द्या. नाही मानलं तर मालाचा भाग सोडून फक्त दुरुस्ती भरणार, भाग वेगवेगळे भरता येतात, मागच्या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं.

३६ हजारांची ठेव अजून यायची आहे, अर्जाची पोच घेऊन ठेवली आहे. आली की खाली अपडेट टाकतो.