मावशींसाठीचा तयार किट: ग्लोव्हज उत्तम, सुयांचा डबा मात्र बदलून घ्या

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका सर्जिकल दुकानात, घरी रुग्णसेवा करणाऱ्या मावशी आणि वॉर्डबॉयसाठी तयार किट मिळतो. एका चेनच्या पिशवीत ग्लोव्हजचं खोकं, प्लॅस्टिकचे अॅप्रन, तीन पदरी मास्क, हँडरब, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाची बाटली, सुयांचा डबा आणि मराठी माहितीपत्रक असतं. घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये बारा-बारा तासांच्या पाळीत अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांचं सगळं करणाऱ्यांच्या हाती निदान एवढं तरी हवंच. त्यामुळे असा किट निघाला याचा आनंद आहे, आणि म्हणूनच त्यातल्या चुकाही स्पष्ट सांगायला हव्यात.

ग्लोव्हज नायट्रिलचे, बिनपावडरचे आहेत. निवड अगदी योग्य. लेटेक्सची अॅलर्जी असलेल्यांनाही ते चालतात. फक्त खोक्यावरचा १०० हा आकडा नगांचा आहे, जोड्यांचा नाही. डायपर, तोंडाची स्वच्छता, युरिन बॅग रिकामी करणं, ड्रेसिंग असं धरलं तर दिवसाला १० जोड्या सहज लागतात. म्हणजे खोकं पाच दिवसांत संपतं. मग एकाच जोडीला सॅनिटायझर चोळून दिवस काढला जातो, आणि डायपर बदललेला हात औषधांच्या डब्याला, दाराच्या कडीला, फोनला लागतो. ग्लोव्हज एका कामाला एकच जोडी, आणि काढल्यावर हात धुवायचेच. साइज सगळ्या किटमध्ये मध्यमच आहे. बारीक हाताच्या बाईच्या बोटांच्या टोकांशी ते लोंबतात. दुकानात बदलून मिळतात, मागून घ्या.

अॅप्रन पातळ वाटतो, पण गळ्याचा पट्टा हलक्या झटक्याने तुटतो, ते चांगलंच आहे. घाण झालेला अॅप्रन डोक्यावरून ओढून काढावा लागत नाही. मास्क आणि हँडरब ठीक. क्षयरोगी रुग्ण असेल तर तीन पदरी मास्क पुरत नाही, एन-९५ वेगळा घ्यावा.

खरी अडचण सुयांच्या डब्याची. झाकण अंगठ्याने दाबलं की बसतं आणि नखाने पुन्हा उघडतं. असा डबा आडवा पडला की सुया बाहेर. चांगल्या डब्याचं झाकण शेवटी एकदा बंद केलं की परत उघडत नाही, त्याची भिंत सुईने भोसकली जात नाही आणि आतलं किती भरलंय ते बाहेरून दिसतं. शिवाय इन्सुलिन पेनची सुई फिरवून काढायला तोंडाशी खाच असते. या डब्यात ती नाही. मग मावशी टोपण परत लावून सुई हाताने फिरवते, आणि टोचते ती बहुतेक याच क्षणी. तीन चतुर्थांश भरला की डबा बंद करायचा, वरपर्यंत कोंबायचा नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. ओल्या-सुक्या पिशवीत त्या गेल्या तर सोसायटीच्या सफाई कामगाराच्या हातात शिरतात. पत्रकात याबद्दल अवाक्षर नाही.

हायपोक्लोराइट ५ टक्क्यांचं आहे आणि पत्रक सांगतं, दहा पट पातळ करा. तसं केलं तर ०.५ टक्के द्रावण तयार होतं. रक्त सांडलं तर १ टक्का लागतं: ५० मिली औषधाला २०० मिली पाणी. आधी सांडलेल्यावर जुनं कापड टाकून शोषून घ्यावं, मग द्रावण ओतून १० मिनिटं थांबावं, आणि कडेकडून मध्याकडे पुसावं. द्रावण रोज ताजं करायचं, बाटली उन्हात ठेवायची नाही. अॅसिडच्या टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये ही चूक फार महागात पडते. मोजायला टोपण दिलेलं नाही, ही साधी पण मोठी त्रुटी.

सुई टोचली तर काय, हे पत्रकात दोनच ओळींत उरकलंय. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू होऊन २८ दिवस चालतात. 'उद्या सुट्टी आहे, तेव्हा दाखवू' हे चालत नाही. माहितीसाठी १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक आहे. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यायचे, ते तर कामाला लागण्याआधीच सुरू व्हायला हवेत.

किट घ्या, पण झाकण कायमचं लॉक होणारा डबा त्याच दुकानात वेगळा मिळतो, तो जोडीला घ्या. आणि हा खर्च मावशीच्या पगारातून कापू नका. तो रुग्णाच्या घरच्यांचा किंवा मावशीला कामावर पाठवणाऱ्या ब्युरोचा आहे.