पहिला टॅरंटुला: पिल्लू घ्यावं की वाढलेला? मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा हिशेब

टॅरंटुला म्हणजे मोठा केसाळ कोळी. तो पाळताना किंमत बघून बहुतेक नवखे पिल्लाकडे वळतात, कारण ते वाढलेल्या मादीच्या तुलनेत फारच स्वस्त पडतं. पण परभणी-नांदेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडीठाक होते. तिथे पैशाआधी पाण्याचा विचार करावा लागतो.

पिल्लू पायांसकट 1 ते 2 सेंटिमीटरचं. एवढ्याशा अंगातलं पाणी झपाट्याने उडतं. त्याला 100-150 मिलिलिटरची झाकणाची डबी, बाजूला सुईने पाडलेली भोकं आणि 4-5 सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पुरतं. ओल मात्र एकाच कोपऱ्यात, ड्रॉपरने द्यायची: पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, मेमध्ये एक दिवसाआड. सगळं कोकोपीट भिजवलं तर बुरशी धरते; कोपरा सुकला तर पिल्लाचं पोट सुरकुततं आणि कात अंगातच अडकून ते मरतं. ऐन लग्नसराईत चार दिवस गावाला जायचं असेल, तर हे काम घरातल्या कुणाला तरी शिकवूनच निघावं. खायला दर 4-5 दिवसांनी मारलेल्या मीलवर्मचा (एका भुंग्याच्या अळीचा) तुकडा. उरलेला दुसऱ्या दिवशी काढायचा. शिवाय नर की मादी हे इतक्या लहानपणी कळत नाही. रेड नी या जातीची मादी वीस वर्षांहून जास्त जगते, नर मात्र वयात आल्यावर साधारण वर्षभरातच जातो.

6-8 सेंटिमीटरचा कोळी याहून खूप सोशिक. पाण्याची उथळ वाटी भरलेली ठेवली की दोन-चार दिवस दुर्लक्ष चालतं. खाणं 10-15 दिवसांनी एक रातकिडा. कात टाकलेली असेल तर ती ओली करून, उलगडून भिंगाखाली बघून विक्रेत्याला मादी ओळखता येते. डबा साधारण 20 सेंटिमीटर लांब-रुंद घ्या, पण मातीपासून झाकणापर्यंतची उंची कोळ्याच्या पायांसकट मापाच्या दीडपटीहून जास्त नको. जड पोटाचा कोळी उंचावरून पडला तर पोट फुटतं. आडोशाला फुटक्या माठाचं खापर उत्तम.

जात निवडताना चाको गोल्डन नी किंवा रेड नी घ्या. दोन्ही जमिनीवरचे, संथ आणि कोरड्या प्रदेशातले. कर्ली हेअरही शांत, पण त्याला ओल थोडी जास्त लागते. हे अमेरिका खंडांतले कोळी पोटावरचे खाजरे केस उडवतात, म्हणून डबा साफ करताना हातमोजे घाला, तोंड जवळ नेऊ नका. आपल्याकडचे झाडावरचे पोसिलोथेरिया दिसायला देखणे, पण विजेसारखे पळतात आणि चावले तर स्नायूंना जबर पेटके येतात. पहिल्यांदा ते नकोच.

पिल्लू असो की वाढलेला कोळी, दोघांनाही मारणाऱ्या गोष्टी सारख्याच. डासांची अगरबत्ती किंवा मशीन त्या खोलीत अजिबात नको. कपाशी-सोयाबीनच्या रानातले किडे खायला घालू नका. फवारणीचं औषध त्यांच्यातून कोळ्यात उतरतं. मुंग्यांसाठी रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. उन्हाळ्यात डबा वरच्या कपाटावर न ठेवता आतल्या खोलीत जमिनीलगत ठेवा. 24 ते 30 अंश सेल्सिअस बरं, 35 च्या पुढे धोका. कोळ्याने खाणं सोडलं आणि पोट काळसर चकाकू लागलं तर कात जवळ आली. तो पाठीवर उताणा पडला की मेला समजून हलवू नका. कात टाकल्यावर पिल्लाला 4-5 दिवस, मोठ्याला 10 दिवस उपाशीच ठेवा; दात पांढरे, म्हणजे अजून मऊ असेपर्यंत रातकिडाच त्याला कुरतडतो.

रेड नी, कर्ली हेअर आणि पोसिलोथेरिया साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट 2 मध्ये आहेत, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. विक्रेत्याकडे कागद नसतील तर सौदा सोडा.

आमचा कौल वाढलेल्या मादीला. बजेट पिल्लाचंच असेल तर निदान 3-4 सेंटिमीटरचं घ्या आणि पावसाळ्यानंतर, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये आणा. मेपर्यंत त्याच्या दोन-तीन काती होऊन जातात, आणि मेमध्ये ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल मागवायची वेळ येत नाही.