पंचवटीतलं साखरेचं दुकान: सुटा माल उत्तम, पुडे जपून

रामकुंडाकडे उतरताना किराणा आणि प्रसादाची जी दुकानं लागतात, त्यातलंच हे एक. गोडाचे इतके प्रकार एका फळीवर सहसा दिसत नाहीत.

साखरेच्या पोत्यावरचा एस म्हणजे बारीक दाणा, एम म्हणजे मध्यम. पुढचा 30 किंवा 31 हा आकडा रंगाचा. 31 जास्त पांढरी. चहाला, पाकाला कोणतीही चालते. नानकटाईसाठी तुपात फेटायला मात्र बारीकच घ्या, जाड दाणा शेवटपर्यंत दाताखाली येतो. दोऱ्यावरची खडीसाखर फोडली की आत दोरा निघतो, लहान मुलांना देण्याआधी तो काढून टाका.

पिठीसाखर इथूनच काय, कुठूनही तयार घेऊ नये. गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात बहुधा कॉर्नस्टार्च घालतात. करंजीच्या सारणात ते खपून जातं, श्रीखंड मात्र पिठूळ लागतं. अर्धा किलो चक्क्याला साधारण 400 ग्रॅम साखर घरीच मिक्सरला लावून चाळून घ्या.

गूळ ही दुकानाची खरी जमेची बाजू. साधी ढेप वेगळी, चिक्कीचा गूळ वेगळा, आणि मागितला तर खडा फोडून दाखवतात. चिक्कीचा पाक झाला की नाही, ते थेंबावर ठरतं: गार पाण्यात टाकलेला थेंब कटकन मोडला पाहिजे. दाताला चिकटला तर पाक कच्चा आहे, अजून थोडा शिजवा. पिवळाधमक गूळ टाळा, तो रंग बऱ्याचदा हायड्रोस (रंग उजळवणारी रासायनिक पूड) घालून आणलेला असतो. खिरीत गूळ घालायचा तर गॅस बंद करून, खीर जरा निवल्यावर. उकळत्या दुधात घातला की दूध फाटतं.

तक्रार आहे ती गल्ल्याशेजारच्या 'हेल्दी' पुड्यांबद्दल. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. एकच साखर ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज आणि इन्व्हर्ट सिरप अशा तीन नावांत वाटली की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि नाचणी पहिली दिसते. इन्व्हर्ट सिरपमध्ये गूढ काही नाही. पाकात लिंबू पिळून उकळलं की थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, म्हणून पाक पुन्हा रवाळ होत नाही. हे त्याचंच कारखान्यातलं रूप. माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पूड, साखरेच्या रकान्यात बहुतेक धरलंच जात नाही, रक्तातली साखर मात्र ते झपाट्याने चढवतं. 'शुगर फ्री' लिहायचं तर 100 ग्रॅममध्ये साखर 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. 'गुळाचे' असं मोठ्या अक्षरात छापलं म्हणजे ते शुगर फ्री होत नाही. उष्मांकात गूळ साखरेच्या जवळपासच असतो.

पाडव्याच्या गाठी घेताना बोटाला चिकट लागल्या तर सोडून द्या, दमट हवा लागलेली असते. गुळासाठी डबा घरून न्या, इथे कागदात बांधून देतात.