बंद खदानीचं उद्यान: पॅरिसची वाट की गुरुग्रामची?

खदान बंद पडली, क्रशर उठला, आणि आता ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत 'इथे उद्यान करू या' असा विषय निघाला आहे. अशा वेळी समोर येतं ते एकच चित्र: मधे तळं, कारंजं, सभोवार हिरवळ, वर झुलता पूल. त्याला हात वर करण्याआधी दुसरी एक वाटही पाहून घ्या.

हे चित्र सगळ्यात थाटात उतरलं ते पॅरिसच्या ब्यूत-शोमों उद्यानात. तिथे जिप्सम आणि चुनखडीच्या खाणी होत्या. त्या ओस पडल्या, मग त्या जागेवर शहराची घाण आणि मेलेली घोडी टाकायला लागले. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात अल्फाँ या अभियंत्याने १८६४ साली काम हाती घेतलं आणि १ एप्रिल १८६७ ला उद्यान खुलंही झालं. सुमारे २५ हेक्टर जागा. सुरुंग लावून कडे घडवले, बाहेरून माती आणून पसरली, दीड हेक्टरचं तळं खोदलं, धबधबा सोडला.

दुसरी वाट गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानाची. अरवलीत खाणकाम थांबल्यावर उरलेली साडेतीनशेहून जास्त एकरांची उघडी, ओरबाडलेली जमीन. २०१० च्या सुमारास नागरिकांच्या गटाने महापालिकेला सोबत घेऊन काम सुरू केलं. निसर्ग-पुनरुज्जीवनाचं काम करणारे विजय धस्माना यांनी अरवलीतल्या शिल्लक जंगलांतून बिया जमवून रोपवाटिका उभी केली. माजलेली वेडी बाभूळ टप्प्याटप्प्याने काढली. तिच्या जागी सालई आणि आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेला धौ लावला, गवतं आणि झुडपंही लावली. संरक्षित क्षेत्राबाहेर जैवविविधता जपणाऱ्या जागांना जी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळते, ती २०२२ साली भारतात पहिल्यांदा या जागेला मिळाली.

आता पाण्याचा हिशोब. पॅरिसच्या तळ्याला आणि धबधब्याला पाणी उर्क कालव्यातून, पंपाने चढवून मिळालं. म्हणजे त्या देखाव्याच्या मागे एक पंप कायम आहे. आपल्याकडे पंप आला की वीजबिल आलं, ऑपरेटर आला, आणि मे महिन्यात गावाला टँकर लागत असताना कारंज्याला पाणी द्यायचं का, हा प्रश्न आला. गुरुग्रामच्या पद्धतीत रोपं जगेपर्यंतच पाणी घालायचं. पुढे झाड पावसावर. माझ्या मते निम्मा निर्णय इथेच होतो.

मातीचं तर विचारूच नका. काळ्या पाषाणाची बंद खदान जवळून पाहा. भिंतीवर सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या खाचा असतात, तळाशी कच आणि डबर. एखाद्या भेगेत मूठभर माती साचलेली असते आणि तिच्यात पिंपळ नाहीतर उंबर. बाकी सगळा दगड. इथे हिरवळ हवी तर पोयट्याची माती विकत आणावी लागते, म्हणजे ती कुठल्या तरी शेतातून किंवा नदीकाठातून खरवडली जाते. एक जखम भरायला दुसरी करायची, हे मला पटत नाही.

माती जागेवरच तयार करता येते, फक्त धीर लागतो. केनियात मोंबासाजवळ सिमेंट कारखान्याच्या खाणीत १९७१ पासून रेने हॅलर यांनी तेच केलं. २६ जातींची झाडं लावून पाहिली, तगल्या तीनच. त्यातलं सुरूचं झाड वाढलं, पण त्याच्या काड्या नुसत्या साचून राहिल्या, कुजेनात. मग हॅलरनी त्यात वाणी किडे सोडले. किड्यांनी त्या काड्या खाऊन भुसभुशीत काळी माती केली, आणि मग बाकीची झाडं उभी राहिली. म्हणून सुरूच लावा असं मी म्हणत नाही. तो समुद्राकाठचा गडी. दख्खनच्या पठारावर सालई, धावडा, मोई, गणेर, हिवर, मेडशिंग हे खडकावरचे वस्ताद आहेत. झटपट हिरवं दिसावं म्हणून गिरिपुष्पाच्या रांगा मात्र लावू नका. पुण्याच्या टेकड्यांवर त्याच्याखाली दुसरं काही फारसं उगवत नाही.

गुरुग्रामच्या वाटेचे तोटेही सांगतो. पहिली चार-पाच वर्षं दाखवण्यासारखं काही नसतं. मार्चमध्ये सगळं पिवळं, निष्पर्ण दिसतं आणि 'पैसे कुठे गेले?' असं लोक विचारतात. आजीआजोबांना बसायला सपाट, सावलीची जागा मिळत नाही. म्हणून प्रवेशाजवळ अर्धा एकर पॅरिससारखा करा: बाकं, मोठी झाडं, मुलांना खेळायला जागा. शहराच्या मधली छोटी खदान असेल, पालिकेकडे कायमचे माळी आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी असेल, तर पूर्ण पॅरिसची वाटही चुकीची नाही.

सुरक्षेचा खर्च मात्र दोन्हीकडे सारखाच, आणि तो पहिला. खदानीच्या पाण्याला उथळ काठ नसतो. दुसऱ्याच पावलाला गळ्याइतकं पाणी. पोरं बुडतात ती यामुळे. एका बाजूने मुरमाचा लांब उतार करून घ्यायचा, कड्यावरचे सैल दगड पाडून घ्यायचे, वरच्या काठाला कुंपण घालायचं. यासाठी पैसे नसतील तर झाडं पुढच्या वर्षी लावा.

कुणी 'राडारोडा टाकून बुजवू आणि वर बाग करू' म्हणालं तर ठाम नाही म्हणा. भराव वर्षानुवर्षं खचत राहतो आणि पावसाचं पाणी साठायची जागा जाते.

आराखडा मागवण्याआधी एक करा. दोराला दर मीटरवर गाठ मारा, टोकाला दगड बांधा आणि काठावर सुरक्षित उभं राहून पाण्याची खोली मोजा, एकदा दिवाळीनंतर, एकदा मेअखेरीस. दोन्ही आकडे ग्रामसभेच्या फळ्यावर लिहा. मेमध्ये तळ कोरडा पडत असेल, तर तळ्याचं चित्र त्याच दिवशी बाजूला ठेवा.